चुन्याच्या गोलातलं खळं

आता काय सांगू तुम्हाला, डोकं फिरलेल्या माणसाला आपलं डोकं फिरलंय हे कधीच कळत नाही. माझं फिरलं त्या दिवशी तर डोक्यावर विमानही फिरत होतं! हसू नका, चहा सांडेल. आधी ऐका तरी.

आमचा माळ इंदापूर तालुक्यात, कळंबच्या अंगाला. इंग्रजी अमलात वरून हुकूम आला, की इथं विमान उतरायचं मैदान करा. झालं! बांध मोडले, बाभळी तोडल्या, आमच्या खळ्याशेजारची जुनी चिंचही पाडली आणि सगळ्यावरून दगडी रूळ फिरवला. सोयी विचाराल तर मधोमध चुन्याचा मोठा गोल, कडेला खांबावर वारं दाखवणारी कापडी पिशवी, पाण्याचा एक रांजण, आणि राखणदार म्हणून मी! एवढ्यावर आमचा माळ थेट कराचीशी जोडला गेला, असं ओव्हरसियर बापूराव सांगायचे.

कराची म्हटलं की माझे कान टवकारायचे. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, तिथं विमानांचा मिस्त्री होता. जाऊन आठ वर्षं झाली होती. वर्षाला दोन पत्रं यायची, पण माणूस नाही. खरं सांगतो, त्याचा आवाज कसा होता तेही मी विसरत चाललो होतो, आणि त्याची मला भीती वाटायची.

मळणीच्या दिवसांत त्याचं पत्र आलं. आमचा साहेब शुक्रवारी तुमच्या मैदानावर विमान उतरवून बघणार, यंत्र सांभाळायला मी बरोबर आहे, तासभर थांबू.

तासभर! आठ वर्षांनंतर एक तास! आईनं त्या रात्री चूल पेटवलीच नाही. मग हळूच म्हणाली,

"सदा, त्यो वरनं वळखंल का रं आपलं गाव?"

"न वळखायला काय झालं?"

"चिच न्हाय, बांध न्हाय. समदा माळ टकला केलाय तुमी. वरनं समदी गावं सारकीच दिसत असत्याल. दुसऱ्याच्याच गावात उतरला तर?"

बघा, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता माझी झोप उडाली. पहाटे मला सुचलं. चिंच परत लावता येत नाही, पण खळं तर घालता येतं! दादाचं लहानपण त्या खळ्यावर गेलेलं. मधला खांब, भोवती फिरणारे बैल, बाजूला कणसांचा ढीग. हे दिसलं की तो म्हणणार, हेच माझं घर.

आणि जागा? चुन्याचा गोल तयारच होता की! तिथंच तर आमचं जुनं खळं होतं. रूळ फिरवून टणक केलेली जमीन, वारं कुठून येतं ते सांगायला कापडी पिशवी. उपणायला आणखी काय लागतं?

शेजारचे तात्या तेवढे कुरकुरले. "सदा, बापूरावांनी मैदानात काय ठिवू नगं म्हनून सांगितलंय न्हवं?"

"शेळी दिसता कामा न्हाय म्हनाले, तात्या. बैलांचं नाव कुटं काढलंय?"

काय तो वकिली बाणा! स्वतःवरच खूश झालो मी.

शुक्रवारी सकाळी गोल शेणानं सारवला, मधोमध खांब रोवला, कणसं पसरली आणि आमचे दोन बैल जुंपले. आई कडेला नव्या ज्वारीची भाकरी फडक्यात गुंडाळून बसली. पायातल्या वहाणा तिनं लांब काढून ठेवल्या होत्या. खळ्यावर वहाणा चालत नाहीत. जो येईल त्याला ती दटावत होती.

आणि आला की हो आवाज! मावळतीकडून ठिपका दिसला, मोठा झाला, दोन पंखांची जोडी स्पष्ट दिसू लागली. अख्खा गाव मैदानात धावला. आमचे बैल मात्र उलटे धावले. कणसं उधळली, खांब वाकडा झाला, तात्या ढिगात पडले.

विमान पार खाली आलं, आणि भुर्रकन वर गेलं.

"गेलं रं!" आई ओरडली. "त्यानं वळखलं न्हाय! सदा, हाक मार त्याला!"

हाक कसली पोचतेय! मी डोक्यावरचं मुंडासं सोडलं आणि गोलाच्या मधोमध उभा राहून जिवाच्या आकांतानं हलवू लागलो. "दादा, हितं! हितं उतर!" विमान पुन्हा खाली आलं, मी आणखी जोरात हलवलं, आणि ते पुन्हा वर गेलं.

एवढ्यात बापूराव धोतर सावरत धावत आले. "अरे शुंभा! धोका असला तर लाल फडकं हलवायचं, असं तुला चारदा सांगितलं होतं ना?"

मी हातातल्या मुंडाशाकडं पाहिलं. लाल! चांगलं दहा हात लांब लाल!

तिसऱ्या फेरीला वरून काहीतरी पडलं. रुमालात गुंडाळलेली काडेपेटी, आत वजनाला एक बोल्ट आणि पेन्सिलीनं लिहिलेला कागद. अक्षर दादाचं. वर पाहिलं तर विमान मावळतीकडं निघालं होतं. एक हात बाहेर काढलेला दिसला. आई त्या हाताकडं बघत भाकरी उराशी धरून उभी होती, आणि मला तिच्याकडं बघवेना.

"वाच की," ती म्हणाली.

मी वाचलं. "आई, तू दिसलीस. हातातलं भाकरीचं फडकं पण दिसलं. खळ्यामुळं गाव लांबूनच ओळखलं, आणि खळ्यामुळंच उतरता आलं नाही. दिवाळीला आगगाडीनं येतो."

आईनं डोळे पुसले आणि हसली. "वळखलं म्हन की! म्या म्हनलं न्हवतं, खळं घाल म्हनून?"

शेवटची ओळ मात्र मी तिला वाचून दाखवली नाही. तुम्हाला म्हणून सांगतो. दादानं लिहिलं होतं, "साहेब विचारतोय, मधोमध लाल फडकं घेऊन नाचणारा तो वेडा कोण? मी सांगितलं, ह्याला काही आपण ओळखत नाही."