सहा बुरुजांचं झाकण

श्रीरामपूरच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत कुणी वारलं की पेटी यशयाकाका अमोलिकच करायचे. पण त्यांचा जीव गुंतला होता तो 'फुसो'त. ही शंभर वर्षांपूर्वीची जपानी युद्धनौका. माणसाच्या उंचीएवढा लांब असा तिचा सागवानी नमुना ते राहत्या खोलीतच वर्षानुवर्षं घडवत होते. समुद्र मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"तोफांचे सहाही बुरूज एकाच रांगेत मांडले, तिथंच जपान्यांचं चुकलं," ते मला सांगायचे. "मधल्या दोन बुरुजांनी बॉयलरची जागा खाल्ली."

"अन् तुमच्या जहाजानं माझी!" मरियाकाकू चुलीपासून ओरडायच्या. "मी मेल्यावर तरी जागा व्हईल का?"

टाळेबंदीत काकू गेल्या. लाकडाच्या वखारी बंद होत्या; घरातल्या फळ्यांत पेटी झाली, पण झाकणाला लाकूड उरलं नाही. काकांनी जहाजाचं डेक, म्हणजे वरचा सपाट भाग, उचकटलं, बाकीचं जहाज मोडून त्याच्या फळ्या दोन्ही बाजूंना जोडल्या आणि पेटीचं झाकण केलं. पण त्यात बुरुजांसाठी पाडलेली सहा गोल भोकं होती.

"माती तिच्या तोंडावर पडंल," असं म्हणत त्यांनी बुरूज पुन्हा भोकांत बसवले. पाळक म्हणाले, पेटीवर तोफा शोभत नाहीत. असा संताप आला मला! काकांनी मात्र तोफेची एकेक नळी उपटून खिशात टाकली.

आता खोलीत जागाच जागा आहे. तरी काका भिंतीला घासून, अंग चोरूनच चालतात.