तोडीला निघायच्या आधी

आमच्या कामात रिपोर्ट महिन्याला एकच जातो, किस्से मात्र रोज साचतात. रिपोर्टात त्यांना रकाना नाही, म्हणून ते चहाच्या वेळी निघतात. मी पाथर्डी तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेत आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या आई-बापांना समजवायचं, की पोरांना सोबत नेऊ नका, शाळा बुडते. गावातच त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय आम्ही करतो, त्यांच्यापाशी राहतोही. ऐकायला किती सोपं!

*

ट्रेनिंग नगरला झालं. रोल प्लेमध्ये कमलताई ऊसतोडीला जाणारी आई झाल्या. त्या आमच्या सहकारी, पण आधी स्वतः बारा वर्षं तोडीला गेलेल्या. आम्ही सात जणांनी आळीपाळीने त्यांना समजावलं. शिक्षणाचं महत्त्व झालं, उज्ज्वल भविष्य झालं. ताई शांतपणे ऐकायच्या आणि नकारार्थी मान हलवायच्या. शेवटी ट्रेनर म्हणाले, "ताई, आता हो म्हणा, जेवण थंड होतंय."

"जेवून घ्या तुमी," ताई म्हणाल्या, "मी हितंच हाय."

*

पहिला सर्व्हे मी एकटीने केला. 'घरातून किती जण तोडीला जातात?' याला प्रत्येक घरी एकच उत्तर, "एक कोयता." मी आपली 'एक, एक' लिहीत गेले. ऑफिसात सरांनी फॉर्म चाळले. "इथल्या बायका घरीच असतात का हो?"

नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, हे मला तेव्हा कमलताईंनी सांगितलं. सगळे फॉर्म पुन्हा भरले. एक बाई लाजून म्हणाली, "माजं नाव येगळं कशाला? लिवा की त्यांच्यातच." मी वेगळ्या ओळीवर लिहिलं. तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि फॉर्म घेऊन नवऱ्याला दाखवायला गेली.

*

बैठकीत सगळ्यांना गोल बसवायचं, म्हणजे सगळे समान, असं शिकलेले. मी बायकांना गोल बसवलं की त्या सरकत सरकत एका बाजूला गोळा व्हायच्या. तीनदा बसवलं, तीनदा मोडलं. कमलताई कानात म्हणाल्या, "मॅडम, तिकडं पारावर ह्यांचे सासरे बसल्यात. त्यांच्याकडं तोंड करून कोन बसंल?"

मग मीच पाराकडे तोंड करून बसले. त्या दिवशी बायका पहिल्यांदा बोलल्या.

*

गावाचा नकाशा आम्ही रांगोळीने काढून घेतो. बायकांनी शाळा, विहीर, घरं काढली. शेवंता मात्र पार अंगणाच्या टोकाला गेली आणि तिने झोपड्यांची एक रांग काढली.

"हे काय?"

"आमच्या कोप्या. कारखान्यावरल्या."

"पण त्या गावात नाहीत ना?"

"सहा म्हैने तितंच ऱ्हातो की आमी."

मी ती रांग पुसली नाही. या शेवंताची पूजा दुसरीत होती. वस्तीवरच्या बाकी सगळ्यांनी पोरं ठेवायला होकार दिला, हिचा एकटीचा नकार. "माजी पोरगी माज्याजवळच ऱ्हाईल." त्या आठवड्यात मी चार वेळा तिच्या घरी जाऊन आले.

*

टोळी निघायचा दिवस. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या चढल्या. शेवंता पूजाला मांडीवर घेऊन वर बसली होती. मी खाली उभी होते. तिनेच विचारलं, "मॅडम, तुमाला लेकरू?"

"मुलगी. पूजाएवढीच."

"कुटं असती?"

"नगरला. माझ्या आईकडे."

"रडती का?"

"मी निघाले की रडते. वळणापर्यंत ऐकू येतं."

"अन् तुमी?"

कमलताई दुसरीकडे बघत राहिल्या. ड्रायव्हरने हॉर्न दिला. शेवंताने आधी दप्तर खाली दिलं, मग पोरगी.

"रविवारी तुमी नगरला जात जा," ती म्हणाली. "हिच्यापाशी कमलताई ऱ्हातील."