कात्रीकाकांचा अठरावा खड्डा

आयुष्यभर गवत कापलं म्हणून क्लबात त्यांना सगळे कात्रीकाका म्हणायचे. गोल्फचं ते मैदान शंभर वर्षांहून जुनं. खेळणाऱ्यांविषयी काकांचं मत एकच, हिरवळीचे लचके तोडणारी माणसं. मी क्लबाच्या बारमध्ये ग्लास पुसायचो, त्यामुळे दोन्ही बाजूंची गाऱ्हाणी माझ्याच कानावर.

क्लबाची रीत अशी, की निवृत्त होणाऱ्याने शेवटच्या दिवशी सेक्रेटरीसाहेबांबरोबर अठरा खड्ड्यांचा एक राउंड खेळायचा. काकांनी आपल्या राउंडला काकूंनाही बोलावलं. लग्नापासून मैदानाचं कौतुक ऐकून काकूंचे कान किटले होते, पण आत पाऊल कधी पडलं नव्हतं. त्यांच्यादेखत एकदा तरी बॉल खड्ड्यात घालायचा, एवढीच काकांची हौस. जुन्या झाडांमधून सतरा खड्डे झाले. प्रत्येक ठिकाणी साहेबच शेवटी कंटाळून म्हणत, "सोडा काका, गेला असं धरू."

अठराव्यापाशी काकांचा चेहरा पडला. खड्ड्याची जागा रोज सकाळी बदलायची, हे काम त्यांचंच. जाता जाता मेंबरांची जिरवावी म्हणून त्यांनी तो नेमका चढावर पाडला होता. आपल्यालाही इथेच खेळायचंय, हे साफ विसरले.

मी पाण्याचे ग्लास घेऊन तिथे पोचलो. बॉल वर गेला, थबकला आणि घरंगळत काकांच्या बुटापाशी आला. पुन्हा मारला, पुन्हा आला. मला हसू आवरेना.

"काका, धरू या का?" साहेब म्हणाले.

"नाही साहेब. हा नाही धरायचा."

कडेला उभ्या काकूंनी विचारलं, "एवढ्या अवघड जागी पाडला कुणी हा खड्डा?"

"मीच."

"वाटलंच मला."

पुढच्या खेपेला बॉल परत निघाला, तशा काकू तरातरा हिरवळीवर आल्या आणि त्यांनी चप्पल आडवी घातली. वाकून बॉल उचलला, चढावर गेल्या, खड्ड्यात टाकला. "झालं. चला आता. गुडघा दुखतोय तुमचा मघापासून."

गुडघ्याचं काका कुणाला बोलले नव्हते. काका भडकणार, या भीतीने मी दोन पावलं मागे सरलो. त्यांनी स्टिक साहेबांच्या हाती दिली आणि काकूंच्या खांद्याचा आधार घेतला. चपला घालून हिरवळीवर आलेल्या माणसावर काका ओरडले नाहीत, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.