पहारीची वादी

पहार पाण्यात गेली तेव्हा साधं ‘डुबुक’सुद्धा वाजलं नाही. एवढी जड लोखंडी वस्तू, जाताना काहीतरी बोलून जाईल अशी निदान अपेक्षा असते. गोठलेल्या तळ्यात मासे धरायला पाडलेल्या भोकावर रात्रीत धरलेल्या बर्फावर हिल्काने शेवटचा घाव घातला, बर्फ तिच्या अंदाजापेक्षा पातळ निघाला, ओल्या हातमोज्यातून दांडा सुळकन निसटला, आणि भोकातलं काळं पाणी काहीच न झाल्यासारखं तिच्याकडे बघत राहिलं. पहारीच्या दांड्याला चामड्याची वादी होती. ती मनगटात अडकवल्याशिवाय बर्फावर पहार उचलायची नाही, हे त्या गावातली पोरं जोडे घालायच्या आधी शिकतात. हिल्काने सकाळपासून प्रत्येक भोकाशी ती अडकवली होती. या शेवटच्या भोकाशी तेवढी नव्हती. एकच तर घाव घालायचा होता.

आणि पहार तिची नव्हती. शेजारच्या आर्मासची होती.

ऐंशी ओलांडलेला आर्मास एक वेळ तोंडातली कवळी काढून उसनी देईल, पण पहार देणार नाही, असं गावात म्हणत. ती त्याच्या बापाने गावच्या लोहाराकडून घडवून घेतली होती, आणि तो लोहार, त्याची भट्टी, भट्टीवर गप्पा मारणारे लोक, सगळे केव्हाच मातीत गेले होते. हिल्काच्या स्वतःच्या पहारीचा दांडा परवा मोडला म्हणून त्याने सकाळी दारात उभं राहून, पोटची पोर सासरी पाठवावी तशा चेहऱ्याने, ती तिच्या हातात ठेवली होती.

“वादी मनगटात घाल, पोरी,” एवढंच तो म्हणाला होता. साठी उलटलेल्या बाईला पोरी म्हणणारं गावात दुसरं कोणी उरलं नव्हतं.

हिल्काचा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेला. गावातल्या निम्म्या मिशाळ पुरुषांना तिने लहानपणी बटाटे संपवल्याशिवाय उठू दिलं नव्हतं, त्यामुळे तिला तोंडावर कोणी काही बोलत नसे. पाठीमागे मात्र तिला मादेवाली म्हणत. मादे हा मासा दिसायलाच वाईट. डोकं बेडकाचं, धड वांबीचं, हनुवटीवर एकच मिशी, आणि वर काढला की शेपटी तुमच्या मनगटाला अशी गुंडाळतो की जणू तुम्हीच त्याला सापडलात. गावातले तरुण लोक पाण्याखालचं दाखवणारी यंत्रं घेऊन देखण्या माशांमागे हिंडत, आणि चुकून मादे लागला तर गळासकट दोरी कापून टाकत. तो ऐन कडाक्याच्या थंडीत, बर्फाखाली, खडकाळ उथळ्यावर अंडी घालायला येतो, म्हणजे शहाणी माणसं चुलीजवळ बसतात तेव्हा. हिल्का तेव्हाच निघायची. मेलेली छोटी मासळी गळाला लावायची, गळ तळाशी सोडायचा, दोरी भोकावर आडव्या काटकीला बांधायची, खूण म्हणून शेजारी सुरूची डहाळी रोवायची आणि दुसऱ्या दिवशी जाऊन भोकं फोडायची. तिची आई हेच करायची. माशाचं डोकं न्हाणीघराच्या भिंतीला खिळ्याने ठोकून, पायमोजा काढावा तसं कातडं ओढून काढायलाही तिला आईनेच शिकवलं होतं. मादेच्या कालवणात त्याची कलेजी पडली नाही तर ते कालवण नव्हे, आणि पहिल्या माशाची कलेजी ज्याचं अवजार वापरलं त्याची, हा गावचा रिवाज.

आज घसरगाडीवर चांगले जाडजूड मादे पडले होते. पहिल्याची कलेजी आर्मासची. कलेजी द्यायला जाताना पहार कुठे आहे, हा प्रश्न येणारच होता.

मग ती वर बघायला लागली आणि तिला दुसरीच काळजी लागली.

दुपारपासून बर्फ पडत होता आणि आता वर धुकंही उतरलं होतं. ती बेटाच्या मागच्या बाजूला होती. बेट आणि गाव यांच्यामध्ये तळं चिंचोळं होतं, तिथे खालून प्रवाह वाहतो, आणि यंदाचा हिवाळा हिवाळ्यासारखा वागलाच नव्हता. सकाळी ती चिंचोळी तिने पावलागणिक पहार आपटत ओलांडली होती. ‘ठण्ण’ वाजलं तर पुढे, ‘भद्द’ वाजलं तर बाजूने. दोनदा ‘भद्द’ वाजलं होतं. आता तिची पावलं नव्या बर्फाखाली बुजली होती, आणि बर्फाशी बोलणारी पहार तळाला जाऊन पडली होती. जवळ उरला होता भोकातला बर्फ उपसायचा झारा. झाऱ्याने बर्फाची परीक्षा करायची म्हणजे चमच्याने भिंत पोकळ आहे का बघण्यासारखं.

तरी तिची स्वतःची अडचण फार मोठी नव्हती. पलीकडचा काठ जवळ होता, तिकडचा बर्फ भरवशाचा होता. तिकडून वर चढून रस्त्याने वळसा घालून गाव गाठायचं. पाय दुखतील, अंधार पडेल, पण माणूस कोरडं घरी जाईल. फक्त कॉफीला येते म्हणून आर्मासला सांगितलं होतं, आणि कॉफीची वेळ टळून गेली होती. उशीर होईल हे सांगायला तिने फोन लावला.

फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. आर्मासचा फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत चार्जिंगच्या वायरला बांधल्यासारखा असायचा, आणि आर्मास या वेळी त्याच खिडकीशी बसून तळ्याकडे बघत असायचा. तो उचलत नाही याचा अर्थ एकच होता. तो खिडकीत नव्हता.

हिल्काने घसरगाडीचा दोर सोडला आणि बेटाला वळसा घालून धावली. गावाच्या बाजूला, धुक्यात, एक पिवळसर ठिपका डुलत होता. कपाळावर दिवा लावून म्हातारा तिला शोधायला तळ्यावर उतरला होता. आणि पहारीशिवाय उतरला होता, कारण पहार हिल्का घेऊन गेली होती.

तिने हाक मारली. आर्मासने कानटोपी घातली की कानातलं यंत्र ड्रॉवरमध्ये राहायचं, हे तिला ठाऊक होतं, तरी मारली. ठिपका येतच राहिला. मग तिने कपाळावरचा दिवा काढून हातात धरला आणि आडवा हलवला. आडवा दिवा म्हणजे येऊ नकोस, ही तळ्यावरची जुनी खूण. पण धुक्यात त्याला आडवं-उभं काय दिसणार? त्याला दिवा हलताना दिसला, बाई अडचणीत आहे असं वाटलं, आणि ठिपका भराभर चालायला लागला. सरळ चिंचोळीकडे.

 पुढे जावं तर तिच्याही पायाखाली तोच बर्फ. इथे उभं राहावं तर आपलाच दिवा त्याला ओढून आणतोय.

तेव्हा तिने दिवा विझवला.

तळ्यावर खूण हरवली तर जागचं हलायचं नाही. हेसुद्धा पोरांना जोडे घालायच्या आधीच शिकवतात, आणि आर्मास तर ते सगळ्यांना शिकवत आला होता. पण शिकवणारी माणसं स्वतः तसं वागतात का, याची खात्री हिल्काला या घडीला अजिबात नव्हती. वादीचं तिलाही माहीत होतंच की. ती गुडघ्यांवर बसली. बर्फ कुठेतरी लांबून कण्हला, तो आवाज तिच्या गुडघ्यांखालून गावाकडे गेला. ठिपका दिसेनासा झाला. तो थांबला, की धुकं दाट झालं, की आणखी काही, हे कळायला मार्ग नव्हता. तिने गळ्यातले दाभण चाचपले. बर्फात पडलं तर ते रोवून स्वतःला वर ओढायचं असतं. म्हाताऱ्याच्या गळ्यात दाभण असतील का? त्याच्या हातांत तेवढा जोर तरी आहे का?

मग धुक्यातून, वाटलं होतं त्याहून पुष्कळच जवळून, वैतागलेला आवाज आला.

“दिवा कशाला विझवलास? वीज वाचवतेस का?”

तिला रडू येता येता राहिलं. तो उभा होता. उभा राहून तिच्यावर वैतागत होता.

“पुढे येऊ नकोस, म्हाताऱ्या,” ती छातीचा भाता फुगवून ओरडली. “बर्फ कच्चा आहे. मागे फिर. मी रस्त्याने येते.”

“काय?”

“कच्चा आहे. सकाळी दोनदा भद्द वाजलं.”

“ऐकू येत नाही. तिथेच थांब, येतो मी.”

बर्फावर पाऊल पडल्याचा आवाज आला. आता काय ओरडावं हे तिला सुचेना, आणि मघापासून जे सांगायचं टाळत होती तेच तोंडातून निघालं.

“पहार बुडाली.”

पाऊल थांबलं. 

“कुठली?” आवाज खाली आला होता, तरी तिला स्पष्ट ऐकू आला.

“तुझी.”

“वादी?”

“मनगटात नव्हती.”

 बर्फाबद्दल काहीही ऐकू न येणाऱ्या त्या माणसाला हे शेवटचे शब्द मात्र पहिल्या झटक्यात पोचले होते. मग ठिपका धुक्यात पुन्हा दिसला, हळूच वळला आणि आपल्याच पावलांत पावलं टाकत गावाकडे परत निघाला. तो काठावर चढला असेल इतका वेळ हिल्का गुडघ्यांवरच बसून होती. मग तिने पुन्हा फोन लावला. खूप वेळ वाजल्यावर उचलला गेला. पलीकडे कॉफीची किटली चुलीवर ठेवल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

रस्त्याने गाडी ओढत ती पोचली तेव्हा मिट्ट काळोख होता. आर्मासने तिच्यासमोर कप ठेवला, दालचिनीच्या पावाची बशी सरकवली, आणि तिच्या उजव्या मनगटाकडे असं बघितलं की तिने हात टेबलाखाली घेतला. तिने तिथेच मादे साफ केला, कालवण केलं, कलेजी त्याच्या ताटात वाढली. त्याने ती निम्मी कापून तिच्या ताटात टाकली.

“नवी आणून देते,” ती म्हणाली.

“पहारीचं एवढं नाही,” आर्मास म्हणाला. “लोखंड काय, बाजारात मिळतं. वादी माझ्या बापाच्या बुटाची होती.”

पुढच्या आठवड्यात तिने तालुक्याच्या दुकानातून चांगली पहार आणली. आर्मासने ती अंगणात बर्फावर आपटून बघितली, आवाज बरा आहे म्हणाला, आणि तिला लावलेली निळी नायलॉनची दोरी कापून चुलीत टाकली. आता ती त्याच्या ओसरीत खिळ्याला टांगलेली आहे, बिनवादीची. कोणी मागायला आलं की तो सांगतो, वादीशिवाय पहार मी देत नाही, आणि वादी हिल्काकडून यायची आहे.

हिल्काच्या माळ्यावर तिच्या आईचे बूट आहेत. दोनदा तिने सुरी घेऊन ते खाली काढले, आणि दोन्ही वेळा पुसून परत वर ठेवले.