किसनदादांचं मशीन

किसनदादांविषयी मी लिहावं की नाही, हे अजूनही नीट ठरत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच, आणि परीक्षेतल्या निबंधापलीकडे काही लिहिलेलं नाही. दादांना माझ्याहून जवळून ओळखणारे वस्तीत पुष्कळ आहेत. त्यांनी सांभाळून घ्यावं.

दादा चिकलठाण्याच्या एका कंपनीत कामाला होते. सायकलच्या कॅरियरला ट्यूबनं बांधलेला भला मोठा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ-टेपरेकॉर्डर, आणि त्यावर शाल, असे ते सभेला निघत. सेल उतरले की पत्र्यावर उन्हात ठेवत आणि पुन्हा वापरत. नामांतराच्या सभा, जयंती, बारशी, सगळं त्यांनी त्या मशीनवर भरून घेतलेलं. कुणी हसलं तर म्हणत, "लेकरू जड हाय म्हून घरी ठेवून येतं का कुणी?"

खरी धडपड गयाआत्यासाठी होती. ही त्यांच्या वडिलांची बहीण. तिचं गाणं झाल्याशिवाय सभेतल्या बायका उठत नसत. विद्यापीठाला नाव मिळेल त्या दिवशी म्हणायला तिनं एक गाणं बांधून ठेवलं होतं. पण वर्षं जात होती आणि तिचा गळा बसत चालला होता. तो दिवस येईपर्यंत आवाज राहील का, हीच दादांची काळजी.

मी औरंगपुऱ्यातून वॉकमन घेतला आणि त्यांना दाखवायला गेलो. खिशात मावतो, आवाजही स्वच्छ. दादांनी हेडफोन कानाला लावून, डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं. मग ह्यात भरता येतं का, असं विचारलं. नाही, नुसता वाजतो, असं मी सांगितलं.

"लई साफ हाय," ते म्हणाले. "पण कॉलेजवाले, ह्यात मी एकटाच. आत्याला झील कोण देणार?"

मागच्या बायकांनी ओळ उचलून धरल्याशिवाय आत्या गातच नसे. शेवटी एका रविवारी दादांनी बायका गोळा केल्या आणि ते नामांतराचं गाणं भरून घ्यायला मशीन मधोमध ठेवलं. आत्या त्याच्याकडे पाठ करून बसली. टेपमध्ये खोकला आला, बांगड्या आल्या, शेजारच्या कुकरची शिट्टीही आली. पुन्हा घेऊ या का, असं मी सुचवलं.

"ऱ्हाऊ दे. तेबी आपलंच हाय."

कॅसेटच्या पाठीवरचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे त्यांनी तिथंच मोडून टाकले. आता त्यावर चुकूनही दुसरं काही भरलं जाणार नव्हतं.

पुढे आत्या गेली. मी नोकरीसाठी पुण्याला आलो. नामांतर झाल्याचं मी रेडिओवर ऐकलं. त्या दिवशी वस्तीत काय झालं ते मात्र फार उशिरा, दादा गेल्याच्या बातमीबरोबरच कळलं. सांगणारा आमच्याच गल्लीतला. दादांनी म्हणे मशीन वस्तीच्या कमानीखाली ठेवून आत्याची कॅसेट लावली. ओळ संपली की टेपमधल्या बायका झील देत आणि त्यांच्या आवाजात समोरच्या बायका आवाज मिळवत. त्यातल्या बऱ्याच जणी दोन्हीकडे होत्या.

ते कुणी टेप केलं का, असं मी विचारलं.

"कशावर करणार?" तो म्हणाला. "भरायचं मशीन एकच, अन् ते तर वाजत व्हतं."