उपास सोडून दिलेलं रक्त

नातवंडांनो,

गेल्या महिन्यात मला पासष्ट वर्षं पूर्ण झाली आणि यंदाच्या रक्तदान शिबिरात डॉक्टरांनी माझं रक्त घेतलं नाही. पासष्टनंतर घेत नाहीत, तसा नियमच आहे. आता माझी जागा नोंदणीच्या टेबलापाशी. तिथे बसले असताना लक्षात आलं, की हे शिबिर कसं सुरू झालं ते सांगणारं घरात माझ्याखेरीज फारसं कोणी उरलेलं नाही. तुमच्या बाबांना विचाराल तर ते दोन वाक्यांत आटपतील. म्हणून लिहिते आहे. आयुष्यभर मी शाळेत इंग्रजी शिकवलं आणि तुम्हालाही इंग्रजी वाचणं सोपं जातं. पण ज्या बायकांची ही हकीकत आहे त्या मराठीत बोलल्या, तेव्हा ती मराठीतच वाचा. सावकाश वाचा, अडलं तर फोन करा.

माझं माहेर रोह्याचं, म्हणजे खरं तर नदीपलीकडच्या अष्टमीचं. माझा धाकटा भाऊ अजून तिथेच राहतो. त्याची मुलगी, म्हणजे तुमची आत्या, जन्मली तेव्हा चांगली गुटगुटीत होती. वर्षाची व्हायच्या आत ती पांढरी पडू लागली. तपासण्या झाल्या आणि थॅलेसेमिया निघाला. भाऊ आणि वहिनी दोघांमध्ये या आजाराचा थोडा थोडा अंश होता. त्यांना स्वतःला त्याचा काही त्रास नव्हता, पण दोघांकडचा अंश एकत्र आला आणि मुलीच्या शरीराला पुरेसं रक्त तयारच करता येईना. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी तिला दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं. वेळ जवळ आली की आम्हाला कॅलेंडर बघायची गरज पडत नसे. एरवी घरभर हुंदडणारी पोर पायरीवर बसून राही आणि कडेवर घ्यायला सांगे.

तिचा गट बी पॉझिटिव्ह. आपल्याकडे रस्त्यावरच्या दर तीन-चार माणसांत एखाद्याचा असतो. त्या गटात दुर्मीळ असं काहीच नव्हतं. दुर्मीळ झाले होते ते देणारे.

ती सात वर्षांची असतानाची गोष्ट. गणपतीचे दिवस आले होते. कॉलेजं बंद, शिबिरं बंद, कंपन्यांतले तरुण सुट्टी काढून गावाला गेलेले. रक्तपेढीत तिच्या गटाची एकही पिशवी शिल्लक नव्हती. भाऊ, वहिनी, मी, आम्ही सगळ्यांनी दोनच महिन्यांपूर्वी रक्त दिलेलं, त्यामुळे इतक्या लवकर आमचं चालणार नव्हतं. तिची वेळ टळून पाच-सहा दिवस झाले होते. डॉक्टरांनी भावाला स्पष्ट सांगितलं होतं, की आणखी उशीर झाला तर हृदयावर ताण येईल. त्याने मला इथे पेणला, माझ्या सासरी, फोन केला.

मी हे जेवताना सांगितलं. तुमचे धाकटे आजोबा, म्हणजे माझे दीर, आपला गणपतीच्या मूर्तींचा कारखाना सांभाळत. ते म्हणाले, शिबिर आपल्याच कारखान्यात भरवू. हरतालिकेच्या आदल्या दिवशी बाहेरगावच्या शेवटच्या गाड्या सुटतात, सभागृहाएवढी जागा रिकामी होते, आणि कारागीर सगळे हजर असतात. रक्तपेढीने होकार दिला. मातीची धूळ धुऊन काढली, खाटा मांडल्या.

आणि रक्तपेढीची गाडी वडखळच्या नाक्यावर अडकली. गणपतीला कोकणात निघालेल्या गाड्यांची रांग तुम्ही पाहिलेली नाही. दुपार झाली, संध्याकाळ झाली, गाडी जागची हलेना. शेवटी रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला, उद्या सकाळी आलं तर चालेल का? दिरांनी घाईघाईने हो म्हटलं. त्यांच्या डोक्यात एवढंच होतं, की गाडी परत जायला नको.

दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा पुरुष कोणीच नव्हते. ते टेम्पो घेऊन घरोघरी मूर्ती पोचवायला गेले होते. पण रंगकामाच्या बायका आल्या होत्या. आसपासच्या गावांतून एसटीने, न्हाऊन, चांगल्या साड्या नेसून. मूर्तींचे डोळे रेखणारी, म्हणजे आखणी करणारी एक, मूर्ती घासून गुळगुळीत करणाऱ्या पॉलिशवाल्या, आणि बरोबर आणलेल्या त्यांच्या जावा-नणंदा. डॉक्टरीणबाईंनी पहिलीला विचारलं, काय खाल्लं?

"आज हरतालिका नाय का! पाणीपण नाय घेतलं," ती अभिमानाने म्हणाली. "नायतरी रक्त द्यायचं तं उपाशीपोटीच ना? साखर तपासताना सांगतात तसं."

सगळ्या तशाच होत्या. दान करायचं आणि तेही सुईने, म्हणजे पोटात काही असता कामा नये, अशी त्यांची पक्की समजूत. आयताच उपास पडला म्हणून त्या खूश होत्या. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. उपाशी माणसाचं रक्त घेतलं तर ते चक्कर येऊन पडेल, पोटभर खाऊन पाणी प्यायल्याशिवाय मी कोणाला हात लावणार नाही, असं त्यांनी सांगितलं. हरतालिकेचा उपास मोडायचा, तोही दिवसाढवळ्या, चारचौघींत! कोणी कोणाकडे बघेना. मी उपास करत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे माझ्या बोलण्याला तिथे किंमत नव्हती. वहिनीचा सकाळपासून तिसरा फोन वाजत होता आणि मी तो घेत नव्हते.

तुमची पणजी, माझ्या सासूबाई, दाराशी खुर्चीवर बसून होत्या. उपासतापासांत त्यांच्याइतकं कडक आमच्या आळीत कोणी नव्हतं. मामंजी गेल्यावरही त्यांनी हरतालिका सोडली नव्हती. त्यांनी मला हाक मारून चहा मागितला.

"तुम्हाला?" मी विचारलं.

"मग कोणाला? साखर जास्त घाल."

सगळ्यांदेखत त्यांनी बशीत ओतून तो चहा प्यायला. मग म्हणाल्या, "तिकडं रोह्याला पोर पडून हाय. पार्वतीला मी सांगते काय सांगायचं ते. पाप लागलं तर माझ्यावर घाला गो. माझ्यावर आता कितीसं चढणार, मी जायचीच हाय."

आखणीवाली हसली आणि पहिली उठली. म्हणाली, म्हातारीने प्यायला तर आम्ही काय घोडं मारलंय. घटकाभरात पातेलंभर कांदेपोहे झाले, आणि भाजलेले पापड. हरतालिकेच्या दिवशी बायका ओळीने बसून पोटभर जेवताना मी पहिल्यांदाच पाहिल्या. एकीचा नवरा टेम्पो लावायला आला आणि दारातच थबकला.

"माझ्यासाठी उपास हाय ना? मला काय झालं म्हंजे?"

"काय नाय होत. तुम्हीपण बसा खायला."

मग एकेक जण खाटेवर गेली. सगळ्यांचं रक्त घेता आलं नाही. कितीतरी जणींचं हिमोग्लोबिन कमी निघालं. पॉलिश करणारी एक तर चिडूनच उठली, उपास पण गेला नि रक्त पण नाय घेतलं! ती मला दिवसभर ऐकवत होती. पण डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या तिने न चुकता घेतल्या, घरी सगळ्यांच्या शेवटी जेवायचं सोडून दिलं, आणि पुढच्या वर्षी खाटेवर आडवी झाली. त्या वेळचा तिचा चेहरा मी विसरणार नाही. माझ्या कितीतरी विद्यार्थिनी पहिल्या आल्या, पण तशी ऐट कोणाचीच नव्हती.

रक्तपेढीने रात्रीतून तपासण्या उरकल्या. गणपतीच्या दिवशी संध्याकाळी भावाने कळवलं, की रक्त चढलं, आणि पोर उकडीचा मोदक मागते आहे. मी ते सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि आरतीला उशीर होतोय म्हणून मलाच ओरडल्या.

रक्त कोणाचं होतं हे रक्तपेढी कधी सांगत नाही. त्यामुळे दिवाळीत पोर पेणला आली तेव्हा तिच्यावर सगळ्याच जणींनी हक्क सांगितला. तिने रंगाचा डबा सांडला तर एक म्हणाली, हे माझंच. उलट उत्तर दिलं तर आखणीवाली म्हणाली, नाय गो, हे तर माझं दिसतंय. पोर ऐटीत सगळ्यांना आई म्हणत फिरली.

तेव्हापासून आपलं शिबिर हरतालिकेलाच असतं, कारण बायकांनीच तो दिवस धरून ठेवला. घरून उपाशी यायचं, कारखान्यात जेवायचं, रक्त द्यायचं, आणि मग ज्यांना पाळायचा आहे त्यांनी उरलेल्या दिवसाचा उपास पाळायचा. भटजींना विचारायची गरज कोणाला वाटली नाही. दोन वेळा रोह्याहूनही बायका आल्या. माझ्या आयुष्यात मला ज्यांचा अभिमान वाटतो अशा गोष्टी थोड्याच आहेत. माझी इंग्रजीची पदवी त्यांत आहे, पण हे तिच्याआधी येतं.

सासूबाई जाऊन सात वर्षं झाली. दीर थकले, कारखान्याचा तो भाग पाडून नवा बांधला. शिबिर चालू आहे, आणि ते बायकाच भरवतात. तुमची आत्या अठरा वर्षांची आहे. तिला दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं आणि आता गणपतीच्या दिवसांतही ते मिळतं.