समोरच्या काकूंचं शिळं पाणी

आमच्या बीडला नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हळहळतो. त्यानं एकदा नळाच्या दिवशी आमच्या गल्लीत यावं आणि चप्पल हातात घेऊन चालावं. कारण नळ आला की आम्ही पहिलं काम करतो ते घरातलं पाणी ओतून द्यायचं. जुनं पाणी शिळं, आणि ताजं आल्यावर शिळं ठेवायचं नाही. हा नियम कुणी केला माहीत नाही, पण आमच्या गल्लीत सगळे मिळून पाळतात असा तेवढा एकच नियम आहे. दुष्काळी जिल्हा म्हणून आमचं नाव झालेलं आहे, ते आम्ही असं राखतो.

या कामात समोरच्या काकूंचा हात कुणी धरू शकत नसे. नळातून नुसती हवा फुसफुसली की काकू माठ, पिंप, बादल्या, सगळं अंगणात उपडं करायच्या. ते पाणी उतारानं आमच्या दाराशी यायचं. तिथं माझ्या आईनं एक वीट आडवी लावून ठेवली होती, तिला अडून ते आमच्या पपईच्या आळ्यात वळायचं. आई स्वतः कधी पाणी फेकत नसे. हौदात तुरटी फिरवायची, प्यायचं पाणी कापडानं गाळायची आणि वर झाकण घालायची. "पाणी काय भाकर हाय का शिळं व्हायला," म्हणायची. पपया मात्र उत्तम यायच्या. त्यातल्या दोन समोर जायच्या आणि काकू त्या आवडीनं खायच्या.

पपई चालायची, पाणी चालायचं नाही. आम्ही बौद्ध आहोत आणि काकू नाहीत, एवढं सांगितलं की आमच्याकडं पुढचं सांगावं लागत नाही. काकू वाईट होत्या असं मात्र कुणी समजू नये. वडील अंबाजोगाईच्या दवाखान्यात होते, तेव्हा आमचा डबा त्यांच्याच घरून यायचा. देताना त्यांचा हात कधी आखडला नाही, घेताना तेवढा अडायचा. रोज दुपारी आमच्या पलंगावर बसून त्या आईशी गप्पा मारायच्या. आई नेमानं स्टीलच्या पेल्यात पाणी आणायची आणि काकू नेमानं म्हणायच्या, "आत्ताच पिऊन आले, बाई." भर उन्हाळ्यातसुद्धा त्या आत्ताच पिऊन आलेल्या असायच्या. त्यांची मुलगी आमच्या फ्रीजमधली बाटली तोंडाला लावून रिकामी करायची, तेव्हा काकू भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसायच्या.

मी आईला विचारायचे, "कावून देतीस? त्या पीत न्हाईत."

"देणं माझं काम हाय," आई म्हणायची. पण भरलेला पेला परत नेताना तिचं तोंड कसं व्हायचं ते मी पाहिलेलं आहे. नेकनूरकडच्या तिच्या गावात, तिच्या लहानपणी, तिच्या घरच्यांनी आडाला हात लावायचा नव्हता. घागर खाली ठेवून मागं सरायचं आणि कुणाला दया आली तर तो वरून ओतायचा. या वयात आईला कुणाकडून माफी नको होती की काही नको होतं. काकूंनी एकदा आपल्या घरी पेलाभर पाणी प्यावं, एवढंच तिला हवं होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी तिला झुरताना बघून मला रागच यायचा.

मग काकूंच्या मुलीला बघायला सिरसाळ्याहून पाहुणे यायचे ठरले. नेमकी त्याच सकाळी गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "पाणी सुटलं." काकूंच्या नळानं फुस्स केलं. पाहुण्यांना काय शिळं पाणी द्यायचं? काकूंनी नेहमीपेक्षा जास्त उत्साहानं सगळी भांडी उपडी केली. आमची पपई न्हाली. नळ दोनदा खोकला आणि गप्प झाला. पाइप वाटेतच कुठंतरी फुटला होता. जारवाल्याकडं लाइट नव्हती, टँकरवाला "उद्या बघू" म्हणाला, आणि पाहुण्यांनी वडवणी सोडल्याचा फोन आला. गल्लीत बाकीच्यांनीही आपापलं शिळं पाणी ओतून दिलेलंच होतं. भरलेला हौद एकच उरला होता.

काकू रिकामी घागर घेऊन आमच्या दारात आल्या. "तुमच्याकडं आला का नळ?"

"न्हाई. पण हौद भरलेला हाय," आई म्हणाली.

काकू आत आल्या. त्यांनी घागर हौदाजवळ खाली ठेवली आणि मागं सरून उभ्या राहिल्या. "द्या ओतून," म्हणाल्या.

आई तांब्या घेऊन वाकली आणि तशीच थांबली. घागर खाली आणि माणूस मागं, हे तिनं पूर्वी पाहिलेलं होतं, फक्त दुसऱ्या बाजूनं. तिनं तांब्या बाजूला ठेवला.

"मी वरून ओतणार न्हाई, वैनी. हौदाला हात लावा, घागर बुडवा आन् भरून घ्या."

"अवो, पण..."

"पाहुणे यायलेत. लई उशीर होईल."

काकूंनी पदर खोचला आणि घागर बुडवली. उरलेल्या घागरी मी पोचवल्या आणि वाढायला तिथंच थांबले.

पाहुण्यांत मुलाची आत्या होती. पाणी पिऊन ती म्हणाली, "पाणी लई गोड हाय तुमचं. आमच्याकडं बोरचं, निस्तं खारं." काकूंनी नुसती मान हलवली. आत्याबाईंनी त्यांच्या घामेजलेल्या चेहऱ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या ट्रेमधला एक पेला उचलला आणि त्यांच्या हातात दिला. "सकाळपासून दमला असाल. घ्या बरं तुमीबी." काकूंनी ते ठरलेलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं. पण सगळे बघत होते आणि मी समोरच उभी होते. काकू प्याल्या, आणि थांबल्याच नाहीत. तहान खरीच लागलेली होती.

मी धावत घरी येऊन आईला सांगितलं.

"सगळा?" तिनं विचारलं.

"सगळा."

आई खुश झाली, पण लगेच म्हणाली, "त्यांच्या घरी पिल्या. आपल्या घरी न्हाई."

दुसऱ्या दिवशी काकू पेढे घेऊन आल्या. लग्न जमलं होतं. नळ अजून आलेला नव्हता, टँकरही नाही. काकू पलंगावर बसल्या, आईनं पेढा खाल्ला, उठली आणि पेला भरून घेऊन आली.

"आत्ताच पिऊन आले, बाई," काकू सवयीनं म्हणाल्या. त्यांच्या घरात कालपासून आमच्या हौदाशिवाय दुसरं पाणी नव्हतं.

"म्हाईत हाय," आई म्हणाली. पेला तिनं मागं नेला नाही, त्यांच्यापुढं धरून उभी राहिली. काकूंनी खिडकीतून बाहेर बघितलं आणि यंदा पपया लई लागल्यात असं म्हणाल्या. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. आईला नुसतं वाईट वाटलं.

मग एकदाचा नळ आला, खराखुरा. काकूंनी होतं नव्हतं ते शिळं पाणी अंगणात ओतून दिलं. आमच्या घागरींतलं उरलेलंही त्यातच होतं. ओघळ उतारानं आमच्या दाराशी आला, तेव्हा आई खाली बसून वीट नीट लावत होती.

"बघ, आपलं पाणी फेकून दिलं त्यांनी," मी चिडून म्हणाले.

"आपलंच हाय, घरी आलं," आई म्हणाली. पाणी आळ्यात मुरेपर्यंत ती तिथंच बसून राहिली. "ह्याच्यावर जी पपई पिकंल ना, ती पैली वैनीला नेऊन दे. ती खातेत त्या."